मशीन ठरवतं

चिंचवड, बुधवार, २१ ऑक्टोबर १९८१

आज पुन्हा कॉम्प्युटरची दोन टर्मिनल एकमेकांत अडकली. स्टोअरच्या शिंदेबाईंनी बेअरिंगची नोंद धरलेली, त्यांना हवी होती पुरवठादाराची. ती खरेदीच्या कुलकर्णींनी धरलेली आणि त्यांना हवं बेअरिंग. हातातलं कुणीच सोडेना. अशा वेळी ऑपरेटर म्हणून एकाचं काम मलाच मध्येच मारावं लागतं, मग त्यानं सगळं पहिल्यापासून भरायचं. नियम साधा आहे, ज्याचं काम कमी झालंय त्याचं मारायचं. कुलकर्णी नुकतेच बसले होते. बाई दुपारपासून भरत होत्या.

मी बाईंचं मारलं. कुलकर्णी तक्रार घेऊन वर साहेबांकडे जातात, बाई जात नाहीत. एवढंच.

बाईंनी भरून झालेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उलटा करून पुन्हा पहिली चिठ्ठी घेतली.

"दरवेळी माझंच का हो जातं?"

"मशीन ठरवतं, बाई."

"खंडेनवमीला मी रजेवर होते. मशीनला हळदकुंकू वाहिलं नाही, त्याचा तर राग नसेल?"

खरं सांगायला हवं होतं का? मी म्हणालो, "असेल."

तो उलटा केलेला गठ्ठा काही डोळ्यांपुढून जात नाही. उद्या नारळ आणते म्हणाल्या. आणू देत. फोडायला कुलकर्णींनाच बोलावतो.