निळ्या पडद्यापुढची देवणी

३ नोव्हें., लातूर
आज पुन्हा संगणकावर पिढ्या चालवल्या. फोटो बघून गाय शुद्ध देवणी जातीची की संकरित ते सांगणारी मॉडेलं. चुकतील ती बाद, बऱ्यांची सरमिसळ करून पुढची पिढी. आजच्या पिढीने एकही गाय चुकवली नाही!
देवणीचे सगळे फोटो बाबांचे. नांदेडचा स्टुडिओ बंद केल्यापासून माणूस गप्प झाला होता, या कामाने बोलता झाला. फोनवर म्हणाले, "माझ्या गायी पास झाल्या म्हण की!"

५ नोव्हें.
माशी शिंकली. देवणी गावच्या मैत्रिणीने तिच्या अस्सल देवणी गायीचा मोबाईलवरचा फोटो पाठवला. उत्तर: संकरित. वैतागून माझा लहानपणीचा, बाबांनी काढलेला फोटो दिला. उत्तर: देवणी.
खूप हसले. मग बघितलं, माझ्यामागे स्टुडिओचा निळा पडदा. बाबांच्या प्रत्येक गायीमागे तोच. संकरित गायी मी गोठ्यात मोबाईलवर टिपलेल्या, विनापडदा. म्हणजे पडदा ओळखणारी मॉडेलंच टिकत गेली. गाय कुणी बघितलीच नाही.

६ नोव्हें.
प्रकल्पाचे सर म्हणाले, बाबांचे फोटो काढून टाका. बरोबरच आहे. पण बाबांना कुठल्या तोंडाने सांगू...

८ नोव्हें., नांदेड
जेवताना सगळं सांगून टाकलं, माझ्या फोटोसकट. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. पडद्याचं टोक धरून गोठोगोठी हिंडलेली आई म्हणाली, "मी म्हणत होते न्हवं, पडदा कशाला?"
बाबा: "गिऱ्हाईक कुणीबी असू दे, मागं पडदा पाहिजे."
हट्टी बाप. फार जीव तुटला.

९ नोव्हें.
निघताना बाबा पडद्याची घडी घेऊन दारात. "तुझ्या संकरित गायींनाबी लावू की. त्यांनी काय घोडं मारलंय?"
पायऱ्यांवरच बसले मी. दोन्हींमागे पडदा असला की पडद्यावरून काहीच ठरणार नाही. गायच बघावी लागेल.

१२ नोव्हें., लातूर
बाबा पडदा घेऊन इकडे आले. आईचा गुडघा धरलाय, म्हणून टोक माझ्या हातात. संकरित गाय एका जागी उभी राहीना. बाबा तिला समजावत होते, "मान इकडं कर, ताई. हां, अस्सं!" दूधवाला बघतच राहिला.

१४ नोव्हें.
मैत्रिणीकडून नवे फोटो आले, देवणी-संकरित दोन्ही, विनापडदा. मॉडेलांना अजून दाखवलेले नाहीत, परीक्षा त्यांच्यावरच. पिढ्या चालू आहेत. बाबा खुर्ची ओढून शेजारी.
"जमंल का गं?"
"माहीत नाही, बाबा."
चष्मा पुसत म्हणाले, "ते जुनं मॉडेल, तुला देवणी म्हणणारं, तेवढं पुसू नको."
नाही पुसलं.