आईने नवा भात खाल्ला नाही

भरूच

रूपीस,
रागातच आशीर्वाद.

मी इथे ठीक आहे. कंपनीत डाळ गोड देतात, एवढाच त्रास. फोन केला की तू मध्येच माझ्यासाठी प्रार्थना सुरू करतेस, म्हणून लिहितोय.

बाबा पुजायचा तो आपला घरचा देव, हिरवा, तू त्याच्या भाताच्या टोपलीसकट गोठ्यात नेऊन ठेवलास, असं काका म्हणाला. चर्चला जायला लागलीस तेव्हा मी अडवलं नाही. आता तुझ्या येशूला एक टोपली जड झाली?

मी कुठलाच देव मानत नाही. हिरवा नाही, तुझाही नाही. पण हिरव्याला दाखवल्याशिवाय आई नव्या भाताला तोंड लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. घरात नवा तांदूळ शिजतोय आणि ती नाचणीची शिळी भाकर खाते. भांडत नाही म्हणून तिला चालतं, असं समजू नकोस.

तिचा गुडघा कसा आहे? रात्री झोप लागते का तिला?

टोपली आत आण. नाहीतर दिवाळीला मी येतो आणि आईसमोर, माझ्या हाताने, हिरव्याला नवा भात दाखवतो. मग माझ्यासाठी हवी तेवढी प्रार्थना कर.

तुझा भाऊ, अजून तरी,
मनिष