गुरुवारची बोट

प्रिय निल्दा,

तिकडे मनौस शहरात पाऊस किती आहे? ओल्या हातांनी विजेच्या बटणाला शिवू नकोस. इथे नदी घरात आली आहे. खांबावर तुझ्या जन्माच्या वर्षीच्या पुराची खूण आहे ना, पाणी तिच्याही दोन बोटं वर गेलं. या वेळी फळ्यांची जमीन मी एकट्यानेच उचलून वर बांधली. आता छपराखाली वाकून चालावं लागतं. कोंबड्या तराफ्यावर आहेत. काल एक दिसेना. मगरीने नेली की मीच दोर नीट बांधला नव्हता, दिवसभर तेच डोक्यात.

शेजारचे झुल्मिरा आणि ओस्मारही घर सोडून गेले. दोन पोरांसाठी शाळेच्या बाई येईनात, मग तेही पोरांना घेऊन शहरात गेले. कसाव्याच्या कंदांचं पीठ भाजायची मोठी कढई माझ्याकडे ठेवली आहे. परत येऊ म्हणाले, पण कुत्रा घेऊन गेले. आता या वळणावर माझंच घर.

गुरुवारी बोट जाते. तुझ्या आईची फुलांची चादर खांबावर टांगली की एदिव्हान बोट काठाला लावतो. पहिल्यांदा पिठाचं पोतं खरंच द्यायचं होतं. दुसऱ्यांदा मीठ मागितलं, घरात असूनही. तिसऱ्यांदा काहीच सुचलं नाही. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, असं विचारत राहिलो. बोटीवर टांगलेल्या झोळ्यांत पडलेली माणसं हसू लागली. एदिव्हान म्हणाला, "वाल्दोमिरो काका, माणूस नाही, पोतं नाही, मग थांबवलंत कशाला? पुढच्या वेळी चादर वाळत घातलीय असंच समजेन."

मीही हसलो. पण तेव्हापासून झोप नाही. उद्या खरंच ताप भरला, चादर लावली आणि तो निघून गेला तर? गेल्या गुरुवारी चादर लावलीच नाही. भिंतीआडून बघत राहिलो. बोट मधल्या धारेतून गेली. लाटांनी तराफा बराच वेळ हलत होता.

म्हणून हे पत्र. या गुरुवारी चादर टांगीन आणि पाकीट हातात उंच धरीन, म्हणजे त्याला थांबावंच लागेल. तू उत्तर धाडलंस तर ते द्यायला पुन्हा थांबावं लागेल. लिहायला काही नसेल तर कोरा कागद घाल, चालेल. फक्त वर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिही. एदिव्हानला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही, पण तो कबूल करत नाही.

तुझाच, वळणावरचा
बाबा