बेसा येथील शेड रोशनीच्या नावे

मी, इंदूबाई प्रेमानंद नगराळे, वय सदुसष्ट, धंदा आधी शिवणकाम आणि आता लाकूडकाम, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे चित्त ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांच्या नमुन्यात ‘मन शांत आहे’ असेही वाक्य होते, ते मी खोडले. मन शांत नाही, नुसते उड्या मारते आहे, आणि वाटण्या अशाच वेळी कराव्यात. रडत वाटणाऱ्याचा हात आखडतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

१. राहते घर, जे माझे यजमान प्रेमानंद यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावे झाले, ते मी माझा मुलगा प्रशिक यास देते. घरामागची टिनाची शेड व तिच्याखालची जागा यात धरू नये. प्रशिकला तिथे कार ठेवायची आहे, हे मला ठाऊक आहे. बाळा, कार बाहेर राहू दे.

२. बँकेतली ठेव प्रशिक आणि माझी सून रोशनी यांना निम्मी निम्मी. रोशनीचा वाटा रोशनीच्याच खात्यात जावा.

३. माझी शिलाई मशीन विहारातल्या शिवणवर्गाला द्यावी. तिने या घराला पोसले आहे. तेल वेळेवर घालावे.

४. शेडमधील हत्यारांविषयी जरा सविस्तर लिहिते. प्रेमानंदांनी निवृत्तीनंतर लाकूडकाम शिकायचे म्हणून ड्रिल मशीन, जिगसॉ आणि ग्राइंडर हौसेने आणले, आणि खोकी उघडायच्या आधीच ते गेले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खाप्याहून आलेले माझे दीर रुपराव सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, तुमाले काय करायचं हे? हात कापून घ्याल. मी घेऊन जातो.”

“राहू द्या भाऊजी,” एवढेच मी बोलले. पण ते शब्द मला झोंबले. पाहुणे पांगल्यावर जिगसॉचे खोके फोडले, आणि बघते तर काय, ही तर शिलाई मशीनच! सुई तशीच वरखाली होते, फक्त तिला दात आहेत. त्या दिवशी झालेला आनंद मला अजून पुरतो आहे. मशीनसोबतची पुस्तिका वाचून काढली, पातळ सोडून सलवार घातली, बांगड्या उतरवल्या, केस बांधले आणि पहिली फळी कापली. वाकडी कापली. बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्याकडे नवीन पाते मागितले, तर म्हणाला, “साहेबांना पाठवा.” या मृत्युपत्रान्वये त्याला काहीही मिळणार नाही.

५. आता रोशनी. काटोलहून लग्न होऊन आली तेव्हापासून मोठ्यांसमोर तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. शेडच्या दारातूनच ती मला चहा द्यायची. गेल्या हिवाळ्यात भाऊजी फाटकाची लोखंडी पट्टी ग्राइंडरवर कापायला शेडमध्ये आले. डिस्क, म्हणजे कापायची चकती, स्वतःची आणली, पिशवीत कधीची पडलेली. चकतीवरचे लोखंडी झाकण, म्हणजे गार्ड, काढून ठेवला, म्हणे मधात येते. मी म्हटले, “भाऊजी, गार्ड लावा.” त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

अंगणात कपडे वाळत घालणारी रोशनी तशीच आत आली, बोर्डातून ग्राइंडरची पिन उपसली आणि मुठीत धरून उभी राहिली.

“काकाजी, गार्ड लावा. तोंडावर काच लावा. मंग पिन देते.”

“काहून वं पोरी, मले शिकवून राहिली का?”

“हो.”

पिनेवरची मूठ तिने सोडली नाही. भाऊजींनी रागारागाने गार्ड बसवला, खुंटीवरची तोंड झाकायची काच चढवली. रोशनीने पिन लावली आणि मला दंडाला धरून बाजूला ओढले. पट्टीला डिस्क टेकते न टेकते तोच सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. डिस्क फुटली होती. बरेच तुकडे गार्डने अडवले. एक थेट काचेवर आदळला, डाव्या डोळ्यासमोर, आणि तडा पाडून खाली पडला.

भाऊजींनी काच काढून बोटाने डोळा चाचपला. पुन्हा चाचपला. मग दारातच बसले. “माहा डोळा गेला असता वं,” असे रोशनीकडे बघून म्हणाले, आणि पाणी मागितले. ती आधी रडली, मग रडता रडता हसायला लागली. संध्याकाळी माझ्याजवळ आली.

“आई, मले पण शिकवा ना. लांबून पाहूनच भेव वाटते. हातात घेतली तं नाही वाटणार.”

सबब शेड, तिच्याखालची जागा आणि आतील सर्व हत्यारे मी रोशनीस पूर्ण मालकी हक्काने देते. अट एकच: शेडचे नियम तिने सांगावेत आणि पाळायला प्रशिकनेही शिकावे. पाते बदलताना पिन बाहेर. ड्रिल चालू असताना हातमोजे नकोत, फिरती मशीन मोज्यासकट बोट ओढून घेते. ओढणी खुंटीला. चालू मशीनवरच्या माणसाला हाक मारू नये, जेवण निवले तरी.

६. तडकलेली काच मी भाऊजींना देते, आणि जुना राग याच कलमात मिटवते. हल्ली ते येतात तेव्हा शेडबाहेर उभे राहून “रोशनी, येऊ का?” असे विचारतात.

७. माझे नेत्रदान करावे. डोळे मी गॉगलमागे नीट जपले आहेत. कोणाला तरी चांगले दिसेल.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रशिकने करावी. कुरकुरत केली तरी चालेल.

हे शेवटचे कलम लिहीत असताना मागे शेडमध्ये मशीन सुरू झाली आहे. रोशनी आज पहिल्यांदा एकटी सागाची फळी कापते आहे. साक्षीदार सहीसाठी ताटकळले आहेत, पण मी त्यांना थांबवले आहे. आवाज चढला, एकसारखा चालला, कुठे अडखळला नाही, आणि आता थांबला. मी उठून बघायला गेले नाही.

सही: इंदूबाई प्रेमानंद नगराळे
स्थळ: बेसा, नागपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

इंदूबाईंनी वरील मजकूर आम्हांस मोठ्याने वाचून दाखवला व आमच्यादेखत हसत सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही सह्या करीत आहोत.

साक्षीदार:
१. दिपाली गोविंदा मोहोड, शेजारीण
२. धम्मानंद खोब्रागडे, निवृत्त शिक्षक, बेसा