मध्येच रीस्टार्ट होणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल

प्रिय ढब्बू,

वाळून पार काटकी झालास तरी मी तुला ढब्बूच म्हणणार, तेवढा हक्क माझ्याकडे राहू दे. फोन असताना आईला पत्र लिहायची कुठून हुक्की आली, असं तुला वाटेल. पण आपलं घर केवढंसं ते तुला माहीत आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाबांना बाहेर ऐकू जातं, आणि नाही गेलं तर ते उठून आत येतात आणि विचारतात, काय कुजबुजतेस. आत्ता ते गॅरेजला गेलेत, जेवायच्या वेळेपर्यंत येणार नाहीत. तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते. शिलाईच्या टेबलाशीच बसलेय, त्यामुळे कागदाला खडू लागला असेल.

तू तुझा कॉम्प्युटर आणि ते स्टिअरिंग इथे ठेवून गेलास, तेव्हा मला वाटलं होतं की आता त्यावर धूळ बसणार आणि ती मीच पुसणार. दिवसभर शाळेची व्हॅन चालवून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा ट्रक कशाला चालवेल? पण तू त्यांना तो ट्रकचा गेम लावून दिलास आणि दर रविवारी संध्याकाळी तुमच्या दोघांच्या ट्रकांची वरात निघायला लागली. ते इथून पुढे, तू तिकडून तुझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मागे, आणि माईकवर गप्पा. मी मशीनवर पाठमोरी बसून तुमचं ऐकत असायचे. गेममध्येसुद्धा सिग्नल दिल्याशिवाय लेन बदलायची नाही म्हणून ते तुला दटावायचे आणि तू हसत सुटायचास. एरवी फोनवर तुम्ही दोघं ‘जेवलास का’, ‘हो जेवलो’ याच्यापुढे कधी गेला नाहीत. ट्रकमध्ये बसलात की मात्र तुझ्या ऑफिसातल्या साहेबापासून त्यांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं निघायचं. मला ते फार आवडायचं. मी मुद्दाम मशीन हळू चालवायचे.

मग कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला. घाटात ऐन वळणावर स्क्रीन काळा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहिला आळ माझ्या इस्त्रीवर आला. माझी इस्त्री आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, इस्त्री तापली की वीज ओढते, असं बाबांनी ठरवून टाकलं. मी इस्त्री स्वयंपाकघरात हलवली. गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट ओट्यावर पसरताना माझा जीव वरखाली व्हायचा, पण म्हटलं असू दे. तरी तेच. तू फोनवरून सांगितलंस तसं बाबांनी झाकण उघडून ब्रशने पंखे साफ केले. आतून माझ्या कापडांचे तंतू एवढे निघाले की त्यात एक छोटी उशी भरली असती. पुन्हा दोष माझाच. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

त्याच सुमारास तू एकदा चिडलास. तुला वाटलं, त्यांनाच कंटाळा येतो आणि ते बंद करून वर बहाणा करतात. खेळायचं नसेल तर सरळ सांगा, असं म्हणालास. फोन ठेवल्यावर ते माझ्यावर घसरले. म्हणाले, तूच मेन स्विच खालीवर करतेस, तुला मी खेळलेलं बघवत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी असला संशय घेतला नव्हता. मला राग यायला हवा होता. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चिडलेल्या माणसाचा तो चेहराच नव्हता. घाबरले होते.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवालीला बोलावलं. चटपटीत बाई आहे, चहासुद्धा उभ्यानेच प्यायली. तिने मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, आतलं तापमान दाखवणारा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात लावला, आणि कॉम्प्युटरला मुद्दाम घाम फुटेल असं काहीतरी चालू करून गेली. अख्खी दुपार तो घरघरत होता आणि एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन तिने सगळी तपासणी पाहिली आणि म्हणाली, मशीन ठणठणीत आहे, कुणीतरी रीस्टार्टचं बटण दाबतंय. तू कॉम्प्युटरचा तो डबा टेबलावर ठेवला होतास ना, त्याचं बटण वरच्या बाजूला, बाबांच्या डाव्या हाताशीच येतं. बाबा उसळले. मी काय वेडा आहे का, खेळता खेळता स्वतःच बटण दाबायला? ती बिचारी भांडली नाही. तिने त्या बटणाची वायर आतून काढून ठेवली आणि म्हणाली, आता दाबलं तरी काही होणार नाही, बघा चालवून.

कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही रीस्टार्ट झाला नाही. आनंद व्हायला हवा होता. पण बाबा म्हणायला लागले की आता गेममध्येच गडबड आहे, मध्येच उडी मारतो. सरळ रस्त्यावर असतो म्हणे, आणि पुढच्या क्षणी ट्रक खड्ड्यात. मधलं काही दिसतच नाही.

त्या दिवशी मी माझी खुर्ची फिरवली. हातशिलाईचं काम घेतलं आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग मला त्यांची मान दिसली. स्क्रीनकडेच होती, पण डोळे स्क्रीनच्या पलीकडे कुठेतरी लागलेले. डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि त्या डब्याच्या वरच्या बाजूला चाचपडायला लागला, अंधारात चष्मा शोधावा तसा. बोटं ते बटण दाबत होती, पुन्हा पुन्हा. ट्रक कठड्याला घासत खाली गेला. मी हाक मारली, दोनदा मारली. त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, डोळे मिचकावले आणि वैतागून म्हणाले की बघ, पुन्हा उडी मारली याने.

मी सुई टोचून घेतली होती, तेही मला नंतर कळलं.

मी त्यांना पाहिलं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, डुलकी लागली असेल. डुलकी लागलेला माणूस असा दिसत नाही, एवढं मला कळतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर शाळा सुरू आहे, सुट्टी लागली की बघू, एवढंच उत्तर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनची किल्ली घेऊन निघाले. व्हॅनमध्ये शाळेची पोरं बसणार होती. मी चप्पल सरकवली आणि मागोमाग जाऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. सांगितलं, शाळेजवळच्या दुकानात शिवलेले युनिफॉर्म पोचवायचेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा युनिफॉर्म. मग रोजच. एवढे युनिफॉर्म मी आयुष्यात शिवले नसतील. पिशवीत जुनी चादर घडी करून नेत होते, आणि सगळी वाट माझे डोळे त्यांच्या डाव्या हातावर.

मोठ्या चौकात लाल दिवा होता म्हणून वाचलो, ढब्बू. याहून जास्त मला लिहिता येत नाही. गाड्या थांबल्या होत्या, आपली व्हॅन सगळ्यात पुढे. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि बाबा सीटच्या पट्ट्याची कड बोटांनी चिवडत बसले होते. मागून एक मुलगी म्हणाली, “काका, हिरवा लागला ना.” बाकीची पोरं हसली, त्यांना वाटलं काका गंमत करतायत. मी हँडब्रेक ओढला, हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. थोड्या वेळाने ते परत आले. ‘आले’ असंच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. त्यांनी समोर बघितलं, मग डॅशबोर्डकडे, आणि म्हणाले, “गाडी बंद कशी पडली?”

मी मूठ उघडून किल्ली दाखवली. ते किल्लीकडे बघत राहिले. मी ती परत दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन करून पोरांना त्याच्या गाडीत बसवलं. पोरांना सांगितलं, गाडी बिघडली. शाळेलाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते निमूट माझ्याबरोबर डॉक्टरकडे आले.

डॉक्टर म्हणाले, हे फिटचंच एक रूप आहे. फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच मला माहीत होतं. यात माणूस नुसता थोडा वेळ नाहीसा होतो आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो. डोक्याला वायरी लावून आलेख काढला, तो नेमका साफ निघाला. झालं. बाबांनी तो कागद धरून ठेवलाय. डॉक्टरांनी दहा वेळा समजावलं की आलेख काढताना झटका आला नाही तर तो साफच दिसू शकतो, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं सांगणं जास्त मोलाचं, आणि गोळ्या लागू पडून ते परवानगी देईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. बाबा मान डोलावून घरी आले. गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. मी काही म्हटलं की म्हणतात, तू आधीपासून घाबरट, आणि डॉक्टर तुझंच ऐकून बोलतात. सुट्टी लागेपर्यंत पोरं त्या दुसऱ्या व्हॅनमधूनच गेली, आणि मग यांनी काय केलं असेल? घरातली दुसरी किल्ली काढून व्हॅन गॅरेजला नेली. बॅटरी तपासून घेतली, वायरिंग उसवून बघितलं, स्टार्टर बदलायला लावला. मेकॅनिक सांगतो गाडीत काही दोष नाही, आणि हे रोज जाऊन त्याला आणखी एक दोष शोधायला सांगतात. आत्ताही तिथेच आहेत. 

सोमवारी शाळा उघडते. त्याआधी मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून सगळं सांगणार आहे. हे मी ठरवलंय, त्यात तुझा सल्ला मागत नाही. त्या व्हॅनमध्ये दुसऱ्यांची लेकरं असतात. पण त्यांच्या पाठीमागे बायकोने जाऊन चुगली केली, असं त्यांनी उरलेलं आयुष्य मनात धरून बसू नये, आणि किल्ली त्यांनी आपल्या हाताने ठेवावी, असं मला फार वाटतं. म्हणून हे पत्र. तुम्ही दोघं शेवटचं खेळलात तो रविवार आठव. तू तुझ्याकडून हसून विचारलं होतंस, बाबा, माईकसमोर काय चघळताय एवढं? मग तू त्यांना हाका मारल्या होत्यास, आणि ते उत्तर देईनात म्हणून रागावून गेम सोडून गेला होतास. मी त्यांच्या शेजारी बसले होते, ढब्बू. त्यांच्या तोंडात काही नव्हतं. नुसते ओठ हलत होते. शनिवारी ये. फोनवर नको, समोर बसून सांग त्यांना, तू काय ऐकलंस ते. रागावू नकोस, घाईही करू नकोस. मला ते घाबरट म्हणतील, डॉक्टरांना कागद दाखवतील. तुला काय म्हणणार? तू त्यांच्या मागच्याच ट्रकमध्ये होतास.

शनिवारी दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई