सवलतीचं कारण

प्रिय दादा,

मंगळवार, १४ मार्च. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी कानाला हेडफोन लावून एका बाईंचं विमानाचं तिकीट बदलत होतो. त्यानंतरचा फोन तुझा होता.

"तिकीट रद्द करायचंय," तू म्हणालास. मी आवाज ओळखला. तू ओळखला नाहीस. कंपनीने आम्हाला गोड, सावकाश बोलायला शिकवलंय. तिकीट माझ्याकडे येण्याचंच होतं, चार वर्षांनी. 'अरे, मी बोलतोय' म्हणणार, तेवढ्यात तू म्हणालास, "पूर्ण पैसे परत हवेत. धाकटा भाऊ वारला."

घरातलं कुणी गेलं तर पैसे कापत नाहीत, हे मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. पण फोन रेकॉर्ड होतो, ठरलेली वाक्यं म्हणावीच लागतात. "ऐकून फार वाईट वाटलं, सर. कशाने गेले?"

मागून वहिनी कुजबुजल्या, "अहो, ताप सांगा, ताप!"

"ताप," तू म्हणालास, आणि तुझा आवाज खरंच भरून आला. तेवढ्यावर मी मृत्यूचा दाखला न मागता मंजुरी दिली.

नुसतं 'जमत नाही' म्हणाला असतास, तर मी काय रागावलो असतो?

तुला परत मिळाले: नऊ हजार चारशे.
दाखला नाही म्हणून माझ्या पगारातून कापले: तेवढेच.
तुझ्यासाठी आणलेली गादी: अठराशे.
तुझ्याकडून येणं: काही नाही.

पत्र पाठवत नाही. गेलेल्या माणसाचं पत्र आलं तर वहिनी घाबरतील.

तुझा,
धाकटा