तीन पाण्यांत धुतलेल्या काचा

ता. ३ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी अजून आहे. प्रयोगशाळेत काचा धुतो, नखाएवढ्या. इथल्या बाई पेशीच्या आतला सांगाडा बघतात. आपल्या अंगात म्हणे बारीक बारीक नळ्या असतात आणि त्यांवरून चालणारी प्रथिनं. हसू नकोस, खरंच पाय असतात! दोन्ही टोकांना! एका टोकाचे पाय या नळीवर, दुसऱ्याचे त्या नळीवर. चालायला लागली की नळ्या ओढल्या जातात, टोकं जुळतात आणि चांदणी होते. ना मुकादम, ना शिट्टी!

पण तीन आठवडे चांदणी होतच नाहीये. नळ्या माझ्या काचांवर काड्यांसारख्या विस्कटून पडतात. बाईंची विद्यार्थिनी रडकुंडीला आलीय. प्रथिनं फेकून नवी केली, तरी तेच. आणि मला इथे येऊन तीनच आठवडे झालेत. खानावळीत शिकलो तसा मी साबण चोपडून तीन पाण्यांतून काढतो. साबण राहत असणार गं. सांगितलं तर हाकलतील. बॅग भरून ठेवलीय.

तुझा,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाच नोकऱ्या झाल्या, पण तुला एकीतूनही कुणी काढलं नाही. दर वेळी तूच आधी पळालास. एकदा कुणाला तरी काढू दे! त्या पोरीला आजच्या आज सांग, बिचारी स्वतःलाच दोष देत असेल. तुझे भाऊजी म्हणतात, याच्या अंगातली प्रथिनं जरा जास्तच चालतात. आई बरी आहे, तुला पाठीत धपाटा पाठवलाय.

तुझी,
ताई

ता. १४ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं! बॅग खांद्यावर घेऊनच सांगितलं, हाकललंच तर बॅगेसाठी पुन्हा खेटा नको. विद्यार्थिनी हातातला डबा आपटणार होती, मग आत नवी प्रथिनं आहेत ते आठवून तिने तो अलगद ठेवला. बाईंनी एवढंच विचारलं की किती पाण्यांत धुवायला हव्यात. मी म्हटलं, धुऊन बघू. दहा पाण्यांत धुतल्या.

दुपारी काचेवर नळ्या, प्रथिनं आणि प्रथिनांचं खाणं सोडलं. बाईंनी मलाच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी नुसत्या हिरव्या काड्या. मग एक सरकली. मग शेजारची. मग सगळ्याच लगबगीने टोकाला टोक लावायला निघाल्या आणि ताई, चांदणी! सतरा मोजल्या, मग ओरडायच्या नादात मोजणं राहिलं. विद्यार्थिनीने मला स्टुलावरून ढकललं, बाईंनी तिला.

आता ऐक. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता काचा कशा धुवायच्या ते मी सगळ्यांना शिकवणार आहे. मी! सहावीत दोनदा बसलेला! दोन पदव्या असलेली ती विद्यार्थिनी वही घेऊन येते म्हणाली. मास्तर हात मागे बांधून उभे राहतात ना? तसा आरशासमोर उभा राहून बघतोय.

माया आहेच तुझी, सोमवारी आठला जरा जास्त असू दे.

तुझा,
भिंगरी